मणक्याच्या दुखापतीनंतर घरी व्यायाम कसा सुरू करावा: व्हीलचेअरवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

नारळाच्या झाडावरून, परांचीवरून किंवा दुचाकीवरून पडून मणक्याला मार लागतो. ऑपरेशन होतं, रॉड-स्क्रू बसतात आणि काही आठवड्यांत माणूस घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ एवढंच असतं. पुढे बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. घरातलं कुणीतरी सकाळ-संध्याकाळ पाय हलवून देतं, तेल चोळतं आणि पायाचं बोट हललं का ते बघतं. हात आणि खांद्यांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. खाटेवरून उठणं, खुर्ची ढकलणं, आंघोळ, कपडे, प्रवास हे सगळं इथून पुढे त्यांच्याच जिवावर चालणार असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा घरांत जाते. हा लेख प्रामुख्याने कमरेखालची ताकद गेलेल्यांसाठी, म्हणजे पॅराप्लेजिया झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मानेच्या दुखापतीत काही गोष्टी वेगळ्या असतात, त्या त्या-त्या जागी सांगेन. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ‘पाय कधी चालतील’ हा प्रश्न आणि ‘व्यायाम कधी सुरू करायचा’ हा प्रश्न एकमेकांत गुंतवू नका. नसांची जी सुधारणा व्हायची ती बहुतांशी पहिल्या वर्षभरात दिसते. तिची वाट बघत हाताचे, छातीचे, पाठीचे स्नायू पडून राहू दिले, तर पाय सुधारले तरी उभं राहायला अंगात जोर उरत नाही. आणि नाही सुधारले, तर खाटेवरून खुर्चीत जायलाही दोन माणसं लागतात.

पहिली पायरी: फाइल उघडा आणि तीन गोष्टी शोधा

पहिली गोष्ट म्हणजे दुखापतीची लेव्हल, म्हणजे मार कोणत्या मणक्यापाशी आहे ते. आपल्याकडच्या रिपोर्टांत छातीच्या मणक्यांसाठी कुठे ‘टी’ तर कुठे ‘डी’ लिहितात, म्हणजे टी-१० आणि डी-१० एकच. दुसरी, दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण. ‘ए’पासून ‘ई’पर्यंत श्रेणी दिलेली असते. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराजवळच्या सगळ्यात खालच्या नसांपर्यंत संवेदना किंवा हालचाल काहीच पोचत नाही. तिसरी गोष्ट फाइलमध्ये बहुधा नसते, ती सर्जनला तोंडी विचारायची: हाड जुळलं का, पट्टा कधी काढायचा, कमरेतून वाकणं-वळणं आणि वजन उचलणं कधीपासून चालेल? हे उत्तर मिळेपर्यंत पाठ पिळवटणारा एकही व्यायाम करू नका. हातांचे हलके व्यायाम आणि पायांच्या सांध्यांची हालचाल कुठपर्यंत चालेल, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

डी-६ हा आकडा लक्षात ठेवा. दुखापत डी-६ला किंवा त्याच्या वर, म्हणजे मानेच्या दिशेला (डी-५, डी-४ किंवा मानेत) असेल, तर पुढचा भाग दोनदा वाचा.

दुसरी पायरी: धोके आधी ओळखा

डी-६ आणि त्याच्या वरच्या दुखापतीत रक्तदाब एकाएकी, धोकादायक पातळीला चढू शकतो. खालच्या भागात काहीतरी टोचतंय, ताणलंय किंवा तुंबलंय, पण त्याची वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही. शरीर मात्र खालच्या खाली त्याला उत्तर देतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब वाढत जातो. लक्षणं ठरलेली असतात: डोकं ठणकणं, चेहरा-मान लाल होणं, दुखापतीच्या वरच्या भागाला दरदरून घाम, नाक चोंदणं, कधी नाडी मंद होणं. वैद्यकीय भाषेत याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नाव एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण लहान गावातल्या दवाखान्यात ते दाखवावं लागू शकतं.

अशा वेळी आडवं झोपवायचं नाही. ताठ बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, नाडी, बूट, लघवीच्या पिशवीचा पट्टा सैल करा. कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी पिळली गेली आहे का, पिशवी गच्च भरली आहे का ते बघा. कायम बसवलेला कॅथेटर नसेल तर सुट्या कॅथेटरने लघवी काढा. दहातल्या बहुतेक वेळा कारण मूत्राशयातच सापडतं. त्यानंतर शौच तुंबली आहे का, कुठे जखम आहे का, पायाचं नख बोटात रुतलं आहे का याकडे वळा. दाब उतरत नसेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. अशा माणसाचा नेहमीचा दाबच १००च्या आसपास असतो. त्यामुळे यंत्रावर १४० दिसलं तर ‘थोडासाच वाढलाय’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. स्वतःचा नेहमीचा आकडा आधीच मोजून लिहून ठेवा.

दुसरा धोका याच्या उलटा. खूप दिवस झोपून राहिलेल्या माणसाला एकदम बसवलं की दाब खाली जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी खाटेचं डोकं उशांनी वर करत अर्धवट बसायची सवय लावा, मग पाय सोडून बसवा, मग खुर्चीत. खुर्चीत अंधारी आली तर मागे उभं राहून खुर्ची मागच्या चाकांवर कलती करा म्हणजे डोकं खाली जाईल.

तिसरा धोका उन्हाचा. दुखापतीच्या खाली घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये व्यायाम पहाटेच उरका. जवळ पाण्याची फवाऱ्याची बाटली ठेवा, चेहऱ्यावर आणि हातांवर फवारत राहा. आणि लघवी वारंवार काढावी लागते म्हणून पाणी पिणं कमी करू नका. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि मग व्यायाम महिनाभर बंद.

चौथा धोका हाडांचा आणि कातडीचा. पायांवर वजन येत नाही म्हणून हाडं काही महिन्यांतच ठिसूळ व्हायला लागतात. उत्साही नातेवाइकाने जोर लावून गुडघा वाकवला आणि मांडीचं हाड मोडलं, असं घडतं. रुग्णाला कळत नाही, कारण दुखत नाही. पाय अचानक सुजला, गरम लागला, तर तेल चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गाठ असू शकते, मोडलेलं हाड असू शकतं किंवा सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होत असू शकतं. गरम पाण्याची पिशवी, शेकायचा पॅड, मांडीवरचा गरम लॅपटॉप आणि मोटारसायकलचा सायलेन्सर यांपासून पाय लांब ठेवा. संवेदना नसलेल्या कातडीवर भाजल्याचा फोड आला की तो भरायला महिने जातात.

तिसरी पायरी: व्यायामाच्या आधी खुर्ची

माझ्या मते नव्या माणसाने पहिला खर्च खुर्चीवर आणि कुशनवर करावा, यंत्रांवर नंतर. औषधाच्या दुकानाच्या बाहेर घडी घातलेली जी क्रोमची खुर्ची दिसते ती दवाखान्यात रुग्णाला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात न्यायला बनवलेली असते. ती मागून दुसऱ्याने ढकलायची असते. तिच्यात बसून स्वतः ढकलायला गेलं की हात बाहेर पसरतात, खांदे वर चढतात. असं रोज शेकडो वेळा झालं की खांद्याच्या आतले बारीक स्नायू झिजतात. खुर्ची वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांना खांदेदुखी अगदी सर्रास होते आणि तिच्यावर ‘विश्रांती घ्या’ हा उपाय सांगता येत नाही. विश्रांती घेतली तर संडासला कसं जायचं?

खुर्ची मापाची आहे का हे घरच्या घरी बघता येतं. बसल्यावर नितंब आणि बाजूच्या पत्र्यामध्ये फक्त सपाट तळहात सरकावा, जास्त जागा नको. गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेमध्ये दोन-तीन बोटांचं अंतर असावं. पाय ठेवायची पट्टी अशा उंचीवर असावी की मांडी सीटला पूर्ण टेकेल. गुडघे वर उचलले गेले तर सगळं वजन बसण्याच्या हाडांवर येतं. हात बाजूला सैल सोडला तर बोटांची टोकं मोठ्या चाकाच्या मध्यापर्यंत, आसाजवळ पोचावीत. हात रिमच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडा उघडा, साधारण १०० ते १२० अंशांत राहावा. पाठीचा आधार, पोटा-पाठीचा तोल चांगला असेल तर, खांद्याच्या पात्याच्या खाली थांबावा म्हणजे हात मागे मोकळे जातील.

चाकाचा आस पुढे घेता येत असेल तर जमेल तितका पुढे घ्या. खुर्ची हलकी पळते, खांद्यावरचा भार कमी होतो. मात्र ती मागे उलटायची शक्यताही वाढते, म्हणून सुरुवातीला मागे अँटी-टिपरची छोटी चाकं लावूनच सराव करा.

कुशनच्या बाबतीत दोन नियम. भोक असलेली गोल हवेची गादी वापरायची नाही, तिच्या कडेवर कातडी ताणली जाते आणि रक्तपुरवठा तुटतो. कुशन हवेचं असेल तर माणूस बसल्यावर बसण्याच्या हाडाखाली हात घालून बघा. हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच हवा उरली पाहिजे. गच्च फुगवलेलं कुशन आरामदायी वाटलं तरी काम करत नाही. फोमचं कुशन दाबल्यावर परत वर येत नसेल तर त्याचं आयुष्य संपलं आहे.

आणि खुर्चीत बसल्यापासून दर १५ ते ३० मिनिटांनी बसण्याच्या जागेवरचा दाब हलवायचा, फोनवर गजर लावून. पूर्वी सगळ्यांना हातांवर जोर देऊन अंग वर उचलायला शिकवत. त्याने खांदे झिजतात आणि कुणीही दोन मिनिटं तसं तोलून राहू शकत नाही. त्याऐवजी छाती मांड्यांवर टेकेल इतकं पुढे वाका किंवा आधी एका, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण कला आणि दोन मिनिटं तिथे थांबा. पुढे वाकण्याची परवानगी सर्जनकडून मिळालेली असावी. रात्री झोपताना आरशाने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने माकडहाड, नितंब आणि टाचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार नको, मग त्या दिवशीचा व्यायाम बुडाला तरी चालेल.

चौथी पायरी: आठवडा कसा बांधायचा

किती व्यायाम करायचा याबद्दल मणक्याच्या दुखापतीसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय शिफारशी २०१८मध्ये आल्या. त्यांच्यातलं सुरुवातीचं माप फार मोठं नाही. आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम: जे स्नायू चालू आहेत त्या प्रत्येक गटाचे ३ सेट. हृदय आणि साखर-चरबी यांच्यासाठी पुढे दमाचा व्यायाम ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा इतका न्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचं माप दिलं आहे. ते लांबचं ध्येय म्हणून ठेवा, पहिल्या महिन्यात त्याचा विचारही नको.

व्यायामाला बसण्यापूर्वी लघवी काढून घ्या, खुर्चीचे ब्रेक लावा, पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला फिरवून ठेवा म्हणजे पुढे वाकल्यावर खुर्ची उलटणार नाही. पोटाचा तोल नसेल तर छातीभोवती रुंद पट्टा बांधा. अरुंद दोरी किंवा ओढणी नको, ती रुतते.

पायांपासून सुरुवात करू, कारण घरच्यांना ते येतंच. दिवसातून एकदा प्रत्येक सांधा पूर्ण फिरवा, सावकाश, झटका न देता. घोटा वर ओढून धरणं सर्वांत महत्त्वाचं आहे, पाऊल खाली लोंबलं तर खुर्चीच्या पट्टीवर ते बसत नाही. गुडघा सरळ ठेवून पाय उचलायचा तो सुमारे १०० ते ११० अंशांपर्यंत, म्हणजे पाय पसरून बसता येईल आणि स्वतः पँट घालता येईल. सर्जनची परवानगी असेल तर रोज २० मिनिटं पोटावर झोपा. खुबा वाकलेल्या अवस्थेत आखडत नाही आणि माकडहाडालाही सुटका मिळते. मला विचाराल तर यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही, तरी तो सर्वांत जास्त टाळला जातो.

मानेच्या दुखापतीत बोटांची एक खबरदारी घ्या. ज्यांचं मनगट वर उचललं जातं पण बोटं हलत नाहीत, त्यांची बोटं पूर्ण सरळ ताणू नका. मनगट वर गेलं की बोटं आपोआप मिटतात, ती त्या ताणामुळेच, आणि त्याच पकडीने पुढे माणूस पेला उचलतो. मालिश करणाऱ्याने प्रेमाने मनगट मागे वाकवलेलं असतानाच बोटंही सरळ ताणली, की ती पकड कायमची जाते.

आता खांदे. खुर्ची ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू दिवसभर काम करतात, पाठीमागचे करत नाहीत. त्यामुळे खांदे पुढे गोलाकार होतात आणि आतली जागा कमी होऊन स्नायू घासले जातात. म्हणून नियम असा: ढकलण्याचा एक व्यायाम केला तर ओढण्याचे दोन करायचे. जिममध्ये जाणारी तरुण मुलं याच्या उलट करतात, छातीचेच व्यायाम मारत बसतात.

लागतं काय? थेराबँड, म्हणजे व्यायामाची रबरी पट्टी, मिळाला तर उत्तम, नाहीतर सायकलची जुनी ट्यूब धुऊन, उभी कापून घ्या. खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर गुंडाळा, दोन टोकं हातांत धरा, कोपरं अंगाजवळ ठेवून मागे ओढा आणि पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे आवळून तीनपर्यंत मोजा. हे रोइंग. दुसरा व्यायाम: कोपर काटकोनात, बरगडी आणि कोपरामध्ये गुंडाळलेला नॅपकिन दाबून धरायचा आणि ट्यूब बाहेरच्या दिशेला ओढायची. यात हालचाल लहान असते, जोर कमी लागतो आणि लोक ‘यात काय आहे’ म्हणून सोडून देतात. खांदा वाचवणारे स्नायू हेच आहेत, सोडू नका. तिसरा: छातीचा ताण. दाराच्या चौकटीला हात टेकवून खुर्ची किंचित पुढे सरकवायची, अर्धा मिनिट थांबायचं. चौथा कोपर सरळ करण्याचा, कारण खाटेवरून खुर्चीत जाताना तोच कामी येतो. ट्यूब गजाला वरच्या बाजूला बांधून खाली दाबा किंवा हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन कोपर वाकवून मागे सरळ करा.

पहिले दोन आठवडे प्रत्येकाचा एकच सेट, १० वेळा. शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात पण हालचाल बिघडू नये इतका ताण निवडा. मग दोन सेट, मग तीन. डोक्याच्या वर वजन उचलण्याचे व्यायाम सुरुवातीला नकोतच. पकड नसलेल्यांनी वजन धरायचा हट्ट न करता मनगटाला वेल्क्रोचा वेट कफ बांधावा, शिंपी तो वाळू भरून घरच्या घरी शिवून देतो.

दमाच्या व्यायामासाठी सपाट जागेत खुर्ची ढकलणं हाच पहिला पर्याय. लांब, संथ रेटा द्या, मग हात रिमच्या खालून सैल सोडून मागे आणा. तुटक-तुटक धक्के नकोत. पावसाळ्यात किंवा चिखलाच्या अंगणात हे शक्य नसेल तर टेबलावर ठेवून हाताने फिरवायचा पॅडल एक्सरसायझर घ्या. मधला आस खांद्याच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका. तेही नसेल तर गाणं लावून मुठी पुढे-वर फेकत बॉक्सिंग करा, ३ मिनिटं काम आणि १ मिनिट विश्रांती असं. किती जोराने? बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या. घड्याळावरची नाडी बघून ठरवू नका: मानेच्या पूर्ण दुखापतीत कितीही जोर लावला तरी नाडी बहुधा १२०-१३०च्या पुढे जात नाही आणि माणसाला वाटतं आपण कमी पडतोय.

खाण्याबद्दल एवढंच. पायांचे मोठे स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे शरीराला पूर्वीइतकं इंधन लागत नाही. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून येणारे-जाणारे तूप आणि डिंकाचे लाडू आणतात, त्यात माया असते, पण वाढलेलं प्रत्येक किलो त्याच दोन खांद्यांना उचलायचं असतं. डाळी, अंडी, ताक, भाजी वाढवा. बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने झालेली जखम, असेल तर प्रथिनं जास्तच लागतात.

पाचवी पायरी: एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणं

ट्रान्सफर हा दिवसातला सर्वांत जड व्यायाम आहे, म्हणून तो चांगल्या पद्धतीने शिकून घ्या, शक्यतो फिजिओच्या देखरेखीखाली. खाट आणि खुर्चीची सीट एका उंचीला आणा. खाट बुटकी असेल तर खाली विटा किंवा लाकडी ठोकळे लावा. खुर्ची थोडी तिरकी, ब्रेक लावलेली. दोघांमध्ये गुळगुळीत घासून पॉलिश केलेली फळी ठेवा, गावातला सुतार ती एका दिवसात करून देतो. डोकं ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट बाजूला नितंब जातात. म्हणून खुर्ची डावीकडे असेल तर डोकं पुढे आणि उजवीकडे न्यायचं. एका झेपेत जायची घाई नको, छोट्या-छोट्या उचली घ्या. फरफटत सरकलं तर कातडी सोलते. आणि दर वेळी त्याच एका हातावर जोर देऊ नका, दिवसातून बाजू बदला.

घरच्यांनी उचलताना काखेत हात घालून ओढू नये. ढिल्या पडलेल्या खांद्याला इजा होते, उचलणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा.

सहावी पायरी: उपकरणं, कोणती आणि कधी

पहिल्या तीन महिन्यांत मापाची खुर्ची, कुशन, ट्रान्सफरची फळी, ट्यूब आणि हातमोजे यांच्यापलीकडे काही लागत नाही. फोन असतोच. दाब हलवायचा गजर, लघवीच्या वेळा, कातडीचे फोटो यांसाठी तो पुरेसा आहे. काही स्मार्ट घड्याळांत पावलांऐवजी चाकाला दिलेले रेटे मोजायची सोय असते. आधीच घड्याळ असेल तर ती चालू करा, त्यासाठी नवं विकत घेऊ नका.

उभं राहण्याची चौकट, म्हणजे स्टँडिंग फ्रेम, हाडांची घनता आणि रक्तदाबाचे त्रास बघून डॉक्टरांच्या सल्ल्याने. आयआयटी मद्रासच्या संशोधन केंद्रात बसल्या जागेवरून स्वतः उभं राहता येईल अशी ‘अराइज’ ही खुर्ची तयार झाली, २०१९मध्ये ती बाजारात आली. त्याच संस्थेतून निघालेल्या निओमोशन कंपनीने मापाप्रमाणे बनवायची ‘निओफ्लाय’ खुर्ची आणि तिला पुढे जोडायचं ‘निओबोल्ट’ हे बॅटरीवरचं चाक आणलं, ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावणारं. अशा मोटरने व्यायाम होत नाही, अशी तक्रार मी ऐकते. पण चढाच्या रस्त्यावर खांदे झिजवण्यापेक्षा मोटरने मैदानापर्यंत जाऊन तिथे तासभर खेळणं मला केव्हाही पसंत आहे.

विजेच्या झटक्यांनी पाय हलवणाऱ्या यंत्रांबद्दल सावध राहा. मज्जारज्जूच्या वरच्या भागाला दुखापत असून पाय आपोआप आखडून झटके देत असतील, तर अशा यंत्राने स्नायू आकुंचन पावतात आणि तज्ज्ञाच्या हाताखाली त्याचा उपयोग होतो. पण मार कमरेच्या खालच्या मणक्यांत असेल आणि पाय पूर्ण लुळे असतील, तर स्नायूपर्यंत जाणारी नसच तुटलेली असते. मग बाजारातलं साधं यंत्र तिथे काही करू शकत नाही. आणि दुखणं कमी करायला मिळणाऱ्या छोट्या टेन्स मशिनने कुणाचीच ताकद वाढत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

पैसे आणि कागद

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लवकर काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली बहुतेक लाभांना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून उत्पन्नानुसार खुर्ची आणि इतर साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात. ती बहुधा कानपूरच्या अलिम्कोची, म्हणजे १९७२मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची असतात आणि शिबिरांत वाटली जातात. शिबिरात मिळेल ती खुर्ची घेऊन घाईने परतू नका, माप घेण्याचा आग्रह धरा. ग्रामपंचायत आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे. तिथे तपासणी, फिजिओ आणि साधनं एकाच आवारात मिळतात. लांबून जाणाऱ्यांनी आधी फोन करून वेळ ठरवावी.

सातवी पायरी: उंबऱ्याबाहेर

घरात एकट्याने केलेला व्यायाम सहा महिन्यांनी बहुतेकांचा सुटतो. खेळाला जोडला तर टिकतो. हे फार पूर्वी ओळखलं गेलं. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४मध्ये मणक्याच्या दुखापतींचा विभाग सुरू केला आणि २९ जुलै १९४८ला खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिक तिथून वाढलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे बॉक्सिंग खेळणारे जवान. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी आणलं. प्रत्येकाने पदकं मिळवावीत असं मी म्हणत नाही. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं खेळ झालं म्हणून टिकलं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

पोहायचं असेल तर पहिल्या वेळी सोबत दोन माणसं न्या. पायात मोजे घाला, कारण तलावाच्या खरबरीत तळावर बोटं घासून सोलतात आणि कळत नाही. त्वचेवर जखम असेल तर पाण्यात उतरू नका. व्हीलचेअर बास्केटबॉल, टेबल टेनिस, पॉवरलिफ्टिंग, नेमबाजी हे खेळ पॅराप्लेजियात खेळता येतात. हातांत ताकद कमी असलेल्यांसाठी बोचिया हा चेंडू नेमाने टाकायचा खेळ आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयात पॅरा-खेळांच्या संघटनेचा संपर्क विचारा. मुंबई मॅरेथॉनमध्ये दिव्यांगांसाठी वेगळी शर्यत असते. तिच्यासाठी सराव करणारे गट तुमच्या शहरात आहेत का तेही शोधा.

जवळच्या जिममध्ये जायचं ठरलं तर मालकाशी मोकळेपणाने बोला. दाराला एक पायरी असते आणि तेवढ्यावरून सगळं अडतं. रॅम्पचं प्रमाण १:१२ असावं, म्हणजे ६ इंचांच्या पायरीला ६ फूट लांबीचा उतार. लाकडी, उचलून ठेवता येणारा रॅम्प पुरतो. केबल मशिनजवळचं एक बाक हलवायला सांगा, खुर्ची आत गेली की तुमचे रोइंगचे सगळे प्रकार तिथेच होतात. ट्रेनरला दोनच गोष्टी समजावून द्या: डोक्यावरून वजन नको आणि तुम्ही ‘डोकं ठणकतंय’ म्हणालात तर काय करायचं ते.

पहिल्या दिवशी बॅगेत सुटा कॅथेटर, पाण्याची बाटली, फवारा, एक जास्तीची पँट आणि चाकाच्या पंक्चरचं सामान ठेवा. आणि निघण्यापूर्वी फोन करून विचारा, तिथल्या शौचालयाचं दार किती इंच रुंद आहे. ‘मोठं आहे’ हे उत्तर चालत नाही, टेप लावून मोजून सांगायला सांगा.